तोंड उघडायला सांगण्यापूर्वी जेवणाविषयी विचारा : राज्यातील दंतवैद्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व दंतवैद्य, तसेच दंतवैद्यक महाविद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी यांस

विषय : चावताना थकणारा जबडा आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस

सन्माननीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

जेवायला बसल्यावर पहिले चार-सहा घास नीट चावले जातात, मग जबडा जड होत जातो, आणि ताट अर्धे व्हायच्या आत तोंडातला घास चावताही येत नाही नि गिळताही येत नाही, अशी तक्रार असलेला माणूस पहिल्यांदा कोणाकडे जातो? मेंदूविकारतज्ज्ञाकडे तर नक्कीच नाही. तो तुमच्याकडे येतो. चावणे हे दातांचे काम, तेव्हा बिघाड दातांतच असणार, असा त्याचा सरळ हिशेब असतो. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच केले असते. पण त्याच्या दातांत खरोखरच काही बिघाड नसेल, किंवा साठीच्या माणसाच्या तोंडात एरवी जेवढा असतो तेवढाच असेल, तर पुढे काय घडू शकते, हे तुमच्यापुढे मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान एसटीत वाहक होते. त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापरलेले स्नायू लवकर दमण्याचा आजार आहे. आज त्यांची प्रकृती बरी आहे, औषधे चालू आहेत आणि ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दातांनी जेवतात. मात्र त्यांच्या आजाराचे नाव आम्हाला कळण्याआधी त्यांच्या तोंडावर जे जे उपचार झाले, त्यांतील बरेचसे टाळता आले असते. ते कोणत्या दवाखान्यात झाले हे मी लिहिणार नाही, कारण तसेच दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात घडू शकले असते, असे मला आता पक्के वाटते.

आजाराची ओळख तुम्हाला पदवीच्या अभ्यासक्रमात झालेली असेलच. तरीही जबड्यापुरते त्याचे काम कसे चालते, ते थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. मज्जातंतूच्या टोकापाशी संदेश आला की तेथून अ‍ॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन बाहेर पडते आणि स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना (ते टिपणाऱ्या रेणूंना) जाऊन चिकटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. मायस्थेनियात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती ग्राहकांची वाट अडवतात, त्यांची संख्या घटवतात आणि स्नायूच्या त्या पृष्ठभागाची हानीही करतात. हाक तितकीच मोठी असते, पण ऐकणारे कान कमी झालेले असतात. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकच स्नायू लागोपाठ वापरला तर प्रत्येक संदेशागणिक बाहेर पडणारे अ‍ॅसिटिलकोलिन निरोगी माणसातही थोडे थोडे कमी होत जाते. निरोगी माणसात मुळातच गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठा असल्यामुळे ही घट जाणवत नाही. ज्याचे ग्राहकच कमी झाले आहेत, त्याच्या बाबतीत मात्र हीच नेहमीची घट स्नायूला थांबवायला पुरेशी ठरते. म्हणून पहिला घास चावला जातो आणि पुढचे चावले जात नाहीत. म्हणूनच दहा मिनिटे थांबले की पुन्हा दोन-चार घास जातात. दुखणे असे फारसे काही नसते. असते ती दमणूक, आणि तीही वापरलेल्या स्नायूपुरती.

आता चावण्याकडे पाहा. दिवसभरात आपण हाताचे स्नायू थांबून थांबून वापरतो, पण जेवताना मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस या जबडा मिटवणाऱ्या स्नायूंना मिनिटागणिक कितीतरी वेळा, सलग पंधरा-वीस मिनिटे, जोर लावून काम करावे लागते. ज्वारीची भाकरी, चपाती, मटण, भाजलेले शेंगदाणे, सुकी उसळ हे आपले रोजचे अन्न चावूनच खायचे अन्न आहे. त्यामुळे ज्यांच्या चेहऱ्याच्या आणि घशाच्या स्नायूंवर आजाराचा भर असतो, त्यांची परीक्षा दिवसातून दोनदा ताटासमोरच होते. बहुतेक रुग्णांत सुरुवात डोळ्यांपासून होते, म्हणजे पापणी ढळते किंवा एकाचे दोन दिसतात. परंतु साधारण सहा-सात रुग्णांमागे एकाचा आजार बोलणे, चावणे आणि गिळणे यांपासूनच सुरू होतो. हा सहावा-सातवा माणूस तुमच्या प्रतीक्षाकक्षात बसलेला असतो.

आणि इथेच माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा येतो. या आजारात जबडा मिटवणारे स्नायू दुबळे होतात, तर उघडणारे स्नायू बहुधा शाबूत राहतात. तुमची तपासणी मात्र ‘आ करा’ या दोन शब्दांनी सुरू होते. रुग्ण उत्तम ‘आ’ करतो. त्याचे तोंड पूर्ण उघडते, सांध्यातून आवाज येत नाही, दाबल्यावर दुखत नाही. शिवाय तो सकाळी आलेला असतो, रात्रभराची विश्रांती झालेली असते, तुमच्याकडे नंबर लागेपर्यंत अर्धा-एक तास तो गप्प बसलेला असतो आणि त्याने काही खाल्लेले नसते, कारण दाताच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणून तो चूळ भरून उपाशीच निघालेला असतो. म्हणजे जो स्नायू आजारी नाही तोच तपासला जातो, आणि जो आजारी आहे त्याला दिवसातली सर्वांत चांगली स्थिती मिळालेली असते. अशा तपासणीत काही सापडणार नाही, हे ठरलेलेच आहे. मग जे सापडते ते म्हणजे एखादी किडलेली दाढ, झिजलेली कवळी किंवा हललेला दात, आणि दोष त्यावर जातो.

माझ्या यजमानांच्या बाबतीत नेमके असेच झाले. घरी आम्ही जे पाहत होतो ते असे होते. रात्रीच्या जेवणात भाकरीचा तिसरा-चौथा तुकडा तोंडात गेला की ते डाव्या हाताचा तळवा हनुवटीखाली लावत आणि खालचा जबडा वर ढकलून घास चावत. बघणाऱ्याला वाटावे की माणूस विचारात गढला आहे. हात काढला की तोंड आपोआप उघडे पडे. गालात अडकलेला घास जिभेने बाहेर काढता येत नसे, म्हणून ते बोटाने काढत. पाणी प्याले तर कधी कधी नाकावाटे येई. बसमध्ये तिकिटे देताना ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे, तेच संध्याकाळी नाकात बोलू लागत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज पुन्हा स्वच्छ असे. हा सकाळ-संध्याकाळचा फरक आमच्या डोळ्यांसमोर होता. दवाखान्यात तो कोणी विचारला नाही आणि आम्हालाही तो दातांच्या डॉक्टरांना सांगण्याजोगा वाटला नाही.

आधी दोन दाढा काढल्या गेल्या. काही दिवस चावता न येण्याचे कारण जखम हे होते, त्यामुळे मूळ तक्रार झाकली गेली. नंतर वरची अर्धी कवळी बसवली गेली. ती टिकेना, म्हणून तिच्या कडा वाढवून ती जाड करण्यात आली. कवळी जागेवर राहते ती गाल, ओठ आणि जीभ यांच्या स्नायूंच्या धरून ठेवण्यामुळे. तेच स्नायू दमत असतील, तर कितीही काळजीपूर्वक बनवलेली कवळी सुटते, आणि तिच्या जाड कडा त्या दुबळ्या स्नायूंवर आणखी ओझे टाकतात. हे आम्हाला फार उशिरा समजले. कवळी करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या कामात काही उणे ठेवले नव्हते, हेही मला इथे नोंदवलेच पाहिजे.

त्यानंतर हिरडीला संसर्ग झाला, आणखी एक दाढ निघाली आणि नेहमीची अँटिबायोटिकची गोळी लिहून देण्यात आली, ज्यात ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असतात. दोन-तीन दिवसांत त्यांना स्वतःची लाळही गिळता येईना, मान धरवेना, आणि आडवे झाले की श्वास लागू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. तेथील तज्ज्ञांनी आम्हाला आजाराचे नाव सांगितले आणि हेही सांगितले की, न ओळखलेला आजार, संसर्ग, शस्त्रक्रियेचा ताण आणि ती गोळी या सर्वांनी मिळून हे संकट ओढवले. अशा संकटात शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिन या औषधाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. तो आम्ही कसा उभा केला, हा या पत्राचा विषय नाही.

म्हणून माझी तुम्हाला पहिली विनंती अशी आहे की, चावण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रौढ रुग्णाला तोंड उघडायला सांगण्यापूर्वी त्याच्या जेवणाविषयी विचारावे. जेवणाच्या सुरुवातीला चावता येते आणि पुढे पुढे येत नाही, असे होते का? थोडे थांबल्यावर पुन्हा येते का? सकाळच्या न्याहारीला त्रास कमी आणि रात्रीच्या जेवणाला जास्त, असे आहे का? दुखते म्हणून चावत नाही की दमल्यामुळे चावता येत नाही? या शेवटच्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. जबड्याच्या सांध्याच्या विकारात वेदना असते, तोंड उघडताना अडते किंवा कटकट आवाज येतो. वयस्कर माणसात चावताना जबडा भरून येऊन दुखू लागतो आणि सोबत कानशिलाकडे डोकेदुखी असते, तेव्हा कानशिलाच्या धमनीच्या दाहाचा विचार करावा लागतो, आणि तोही तातडीने, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. वेदनेविना नुसते दमणे, विश्रांतीने भरून येणे आणि संध्याकाळी वाढणे या तीन गोष्टी एकत्र असतील, तर मायस्थेनियाचा विचार मनात यायलाच हवा.

यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णाला लाकडी जीभदाबणी दाढांमध्ये घट्ट धरायला सांगून ती ओढून पाहता येते, नंतर अर्धे-एक मिनिट जबडा जोरात मिटायला-उघडायला लावून पुन्हा तसेच करता येते. दुसऱ्या वेळी पकड ढिली पडली, तर ती नोंद महत्त्वाची आहे. डोके न हलवता मिनिटभर छताकडे पाहायला सांगितले तर ढळणारी पापणी दिसून येते. एकपासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला सांगितले तर शेवटी शेवटी आवाज नाकात जातो. गाल फुगवायला सांगून बोटाने दाबले तर ओठांतून हवा सुटते. यांतले काहीही आढळले, तर दाढेला हात लावण्यापूर्वी रुग्णाला मेंदू व मज्जातंतू तज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, मज्जातंतूला वारंवार सौम्य विद्युत उत्तेजन देऊन केलेली तपासणी आणि निओस्टिग्मिनचे इंजेक्शन देऊन पाहणे, हे पुढचे काम त्यांचे आहे. एक गोष्ट मात्र तुम्हीही ध्यानात ठेवावी. नेहमीची प्रतिपिंड चाचणी नकारार्थी आली म्हणजे आजार नाही, असे होत नाही. मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असणारा एक प्रकार आहे, तो स्त्रियांत अधिक आढळतो, आणि त्यात चेहरा, जीभ, जबडा व घसा यांवरच भर असतो. त्याची चाचणी वेगळी सांगावी लागते.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून थोडे बोलते. हा आजार दोन वयोगटांत जास्त दिसतो. एक तरुण स्त्रियांचा आणि दुसरा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांचा. पुरुषाच्या तक्रारीवर कवळीचा उपाय निघतो. तरुण बाईच्या तक्रारीवर तर उपायही निघत नाही. सून जेवायला वेळ लावते, बोलताना नाकात बोलते, सकाळी बरी असते आणि कामाच्या वेळी दमते, याचा अर्थ घरात काय लावला जातो हे मी वेगळे सांगायला नको. लक्षणे येतात-जातात म्हणून ती खोटी ठरवली जातात, आणि खरे तर त्यांचे येणे-जाणे हीच या आजाराची खूण आहे. तुमच्या खुर्चीत अशी मुलगी बसली आणि सोबतची व्यक्ती तिच्या वतीने उत्तरे देऊ लागली, तर कृपया प्रश्न तिलाच विचारा.

दुसरी विनंती औषधांविषयी आहे, आणि ती निदान झालेल्या व न झालेल्या दोन्ही रुग्णांना लागू पडते. फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांमुळे मायस्थेनियाच्या रुग्णांची ताकद आणखी खालावू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 साली या गटाच्या वेष्टनावरील सर्वांत ठळक चौकटीत तसा इशारा घालायला लावला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि आपल्याकडे दातदुखीवर सर्रास दिले जाणारे ऑफ्लॉक्सॅसिन ही याच गटातील. अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांच्याबाबतीतही सावधगिरी सांगितलेली आहे, तर जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या गटाचा स्नायूंच्या संदेशवहनावर थेट परिणाम होतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल, तर अमॉक्सिसिलिन हा सामान्यतः सुरक्षित पर्याय मानला जातो. निदान झालेल्या रुग्णाच्या बाबतीत चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याच्या तज्ज्ञांना एक फोन केला तर काही बिघडत नाही.

अलीकडे शहरांत दात खाण्याच्या सवयीवर किंवा चेहरा निमुळता दिसावा म्हणून मॅसेटरमध्ये बोट्युलिनम विषाची इंजेक्शने दंतचिकित्सालयांतही दिली जाऊ लागली आहेत. हे विष त्याच सांध्यावर, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर काम करते. मायस्थेनियाच्या रुग्णाला ते देणे धोक्याचे आहे, आणि ज्याचे निदानच झालेले नाही त्याला ते दिले गेले तर काय होईल, याचा विचार इंजेक्शन भरण्यापूर्वी व्हायला हवा. चावताना जबडा दमतो का, हा प्रश्न तिथे तर सक्तीचा असावा.

ग्रामीण भागातील डॉक्टरांना मण्यारीच्या दंशानंतर पापण्या ढळणे, गिळता न येणे आणि श्वास मंदावणे हे चित्र चांगले परिचित असते. मण्यारीच्या जातीतल्या सापाच्या विषातील एका घटकामुळेच अ‍ॅसिटिलकोलिनचे ग्राहक शास्त्रज्ञांना ओळखता आणि मोजता आले, आणि मायस्थेनियाच्या रुग्णांत ते कमी असतात हे 1973 साली दाखवता आले. दंशाचे चित्र काही तासांत उभे राहते म्हणून सगळे धावतात. हे चित्र महिनोन्महिने हळूहळू उमटते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

निदान झालेला रुग्ण तुमच्याकडे आला तर त्याला परत पाठवू नका, ही तिसरी विनंती आहे. आजाराचे नाव ऐकून हात न लावणारे दवाखानेही आम्ही पाहिले. दातांचा संसर्ग तसाच राहिला तर तोच आजार वाढवतो, तेव्हा उपचार न करणे हाही धोकाच आहे. या आजारावर दिली जाणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि तिचा परिणाम तीन-चार तास टिकतो. त्यामुळे सकाळची वेळ द्यावी, गोळी घेऊन तासाभराने काम सुरू करावे आणि भेटी छोट्या ठेवाव्यात. पूर्ण आडवे झोपवू नये, कारण लाळ आणि पाणी घशात साचले तर त्याला ते खाकरून काढता येत नाही. गोळीमुळे लाळ वाढते, म्हणून पाणी खेचणारी नळी सतत चालू असावी. मध्ये मध्ये तोंड मिटू द्यावे. बधिरतेसाठी लिग्नोकेन बेताच्या मात्रेत बहुतेकांना चालते, प्रोकेनसारखी औषधे टाळावीत, आणि दोन्ही बाजूंना एकदम भूल न देता एका वेळी एकाच बाजूचे काम घ्यावे. गुंगीची औषधे तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. बरेच रुग्ण वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत असतात. त्यांच्या तोंडात बुरशीचा संसर्ग सहज होतो, जखम उशिरा भरते, आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून जी औषधे त्यांना दिली जातात, त्यांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड बरे न होण्याचा धोका असतो. अशी औषधे सुरू होण्याआधीच दातांची कामे उरकून घेतली तर पुढचे पुष्कळ टळते. हे काम दंतवैद्याखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

एखाद्या रुग्णाला लाळ गिळता येत नसेल, मान सावरत नसेल, खोकला क्षीण झाला असेल, किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर त्याला घरी पाठवू नये. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा चांगला दिसतो म्हणून थांबू नये, कारण तो आकडा फार उशिरा घसरतो. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला ताबडतोब हलवावे.

जेवणाविषयी तुम्ही जे सांगता ते लोक ऐकतात, म्हणून तेही लिहिते. चावता येत नाही म्हटले की बहुतेक घरी माणसाला पातळ पदार्थांवर आणले जाते. घसाही दमत असेल तर पाण्यासारखे पातळ पदार्थच आधी नाकात किंवा श्वासनलिकेत जातात. आमच्याकडे आमटीत कुस्करलेली भाकरी सोपी पडेल असे वाटले होते. प्रत्यक्षात पातळ आमटी पुढे सरके, भाकरीचे कण मागे राहत आणि ठसका लागे. मुगाची मऊ खिचडी, तूप-मेतकुटाचा गुरगुट्या भात, नाचणीची दाट पेज, मऊ शिरा असे एकजीव आणि दाटसर पदार्थ चांगले गेले. गोळीनंतर पाऊण तासाने जेवायला बसणे, मुख्य जेवण रात्रीऐवजी सकाळी करणे, जेवणाआधी अर्धा तास न बोलणे, फार गरम न खाणे आणि थोडे थोडे चार-पाच वेळा खाणे, या गोष्टींनी पहिल्या काही महिन्यांत आमचे घर सावरले. आपल्याकडे पंगतीत आग्रह करणे हा मान समजला जातो. ज्याच्या तोंडात घास अडला आहे त्याला ‘अजून एक घ्या’ म्हणताना आपण त्याला बोलायला लावतो, आणि बोलताना ठसका लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. घरच्यांना हे समजावून सांगणारा कोणी डॉक्टर भेटला तर रुग्णाचे जेवण पुष्कळ सोपे होते.

या आजाराला उपचार आहेत, हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण ओळखण्याची धडपड करायला त्यामुळेच अर्थ आहे. 1934 साली इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथील एका रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन देऊन पाहिले, तेव्हा रुग्णाची पापणी वर गेली, जबड्याचे लोंबणे कमी झाले आणि गिळणे सुधारले. तेव्हापासून चावता येणे हा उपचार लागू पडल्याचा एक पुरावा मानला गेला आहे. पुढे हा आजार स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा आहे हे कळले, छातीतील, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी काढण्याचा उपयोग 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने निश्चित झाला, आणि आता प्रतिपिंडांवरच नेम धरणारी नवी औषधेही आली आहेत. ती महाग आहेत, पण पायरिडोस्टिग्मिन, प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन ही साधी औषधे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, आणि माझ्या यजमानांसारखे कितीतरी रुग्ण त्यांवरच पुन्हा भाकरी खाऊ लागले आहेत.

शेवटी अध्यापक मंडळींना एक विचारायचे आहे. विद्यार्थ्यांना हा आजार तुम्ही ‘मौखिक वैद्यक’ या विषयात एक परिच्छेद म्हणून शिकवता, आणि परीक्षेत तो पापणी ढळण्याच्या लक्षणाने ओळखायला लावता. तसा ओळखायला आलेला रुग्ण दंतवैद्यकाच्या बाह्यरुग्ण विभागात येत नाही, तो नेत्रविभागात जातो. तुमच्याकडे येणारा रुग्ण हनुवटीला हात लावून येतो. तेव्हा महाविद्यालयांच्या केसपेपरवर दुखणे, रक्त येणे, थंड-गरम लागणे यांच्या रकान्यांखाली ‘जेवताना जबडा दमतो का? विश्रांतीने सुधारतो का?’ ही एक ओळ छापावी, आणि चिठ्ठीच्या पॅडवर ‘रुग्णास मायस्थेनिया आहे का?’ हा प्रश्न अ‍ॅलर्जीच्या प्रश्नाशेजारी यावा. मायस्थेनिया दहा लाखांमागे दीडशे ते अडीचशे लोकांना असतो असे जगभरातले अंदाज सांगतात. म्हणजे महाराष्ट्रासारख्या राज्यात असे हजारो लोक असणार, आणि त्यांतले अनेकजण या घटकेला कुठल्या तरी दवाखान्यात कवळी घासून घेत असतील.

एखाद्या महाविद्यालयाला विद्यार्थ्यांसमोर रुग्णाकडून हे सर्व ऐकवावेसे वाटले, तर माझ्या यजमानांची यायची तयारी आहे. गोळीची वेळ सांभाळून सकाळचा तास ठेवावा, एवढीच आमची विनंती राहील.

आपली नम्र,
मायस्थेनियाच्या एका रुग्णाची पत्नी व निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सातारा जिल्हा